भट्टीचा झरोका आणि आईचा अखंड दिवा

माझ्या हातून आजवर किती अर्ज लिहून झाले याची मोजदाद मी ठेवलेली नाही. आल्मेरे शहरात आणि आसपास पुण्या-मुंबईहून आलेली जी मराठी कुटुंबे आहेत, त्यांतील बहुतेकांच्या कागदपत्रांना कोठे ना कोठे माझा हात लागलेला आहे. मोठमोठ्या पदव्या घेतलेली ही माणसे दिवसभर संगणकापुढे बसतात. परंतु शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या अंगणात आल्याबद्दल खेमेन्तेला, म्हणजे येथील डच नगरपालिकेला, चार ओळी लिहायची वेळ आली की माझ्या दारी येतात. मी त्यांना चहा देतो, मुद्दा समजून घेतो आणि नकार देणाऱ्या अधिकाऱ्यालाही दोनदा विचार करावा लागेल असा मजकूर तयार करतो. हे आत्मप्रौढीने लिहीत नाही, वस्तुस्थिती नमूद करतो. मात्र याच कारणास्तव हेही नमूद करणे मला भाग आहे की मी लिहिलेला सर्वांत पहिला अर्ज नामंजूर झाला होता, योग्य कारणाने नामंजूर झाला होता, आणि त्यानंतर मी जे केले त्याचा उलगडा मला स्वतःला अद्याप पुरता झालेला नाही.

तेव्हा आम्ही हूफडॉर्पच्या बाहेर, कालव्याच्या काठी, एका जुन्या विटांच्या घरात भाड्याने राहत होतो. बाबा विमानतळाजवळच्या एका कार्यालयात संगणकाच्या कामावर होते आणि रोज बसने जात. आई, मी आणि माझ्याहून दहा वर्षांनी लहान असलेली बहीण मुक्ता, एवढेच बाकीचे घर. घराच्या मागच्या दोन खोल्यांत घरमालक एकटेच राहत. त्यांचे नाव हेंक. आम्ही त्यांना हेंककाका म्हणत असू आणि त्याचा अर्थ न विचारताच त्यांनी ते स्वीकारले होते. आसपासच्या सगळ्या घरांत गॅसवर पाणी तापवून खोल्या उबदार करण्याची सोय होती. आमच्या घरात मात्र स्वयंपाकघराशेजारच्या बोळातून पाच पायऱ्या खाली उतरल्यावर एक अर्धवट तळघर होते आणि त्यात हेंककाकांच्या वडिलांनी बसवलेली लोखंडी भट्टी होती. तिच्यात दगडी कोळसा जळे, तिच्यातले पाणी तापून नळ्यांमधून घरभर फिरे. बाबांनी एकदा विचारले, "काका, ही बदलत का नाही?" हेंककाका म्हणाले, "बिघडत नाही, मग बदलू कशाला?"  

त्या भट्टीचे आवाज मला अजून ऐकू येतात. सकाळी हेंककाका खालची जाळी हलवत तेव्हा चाळणीत खडे पडावेत तसा खडखडाट होई. मग राखेच्या दाराचा एक टणत्कार, आणि थोड्या वेळाने भिंतीतल्या नळ्या टिकटिक करू लागत. ती टिकटिक सुरू झाली की मुक्ता अंथरुणातून पाय बाहेर काढी. खिडकीखाली फासळ्यांसारखी जी लोखंडी तापकी, म्हणजे रेडिएटर, असतात, त्यांचा आईने इतका उपयोग करून घेतला होता की हेंककाका ते पाहायला मुद्दाम येत. एकावर विरजणाचे भांडे टॉवेलात गुंडाळलेले, दुसऱ्यावर इडलीचे पीठ, तिसऱ्यावर मुक्ताचे ओले मोजे आणि त्यांच्या शेजारी ताटात पसरलेल्या मेथीच्या काड्या. "तुझी आई माझ्या भट्टीवर शेती करते," असे ते मला म्हणत आणि आईने दिलेली दह्याची वाटी जपून मागच्या खोल्यांत घेऊन जात.

माझी शाळा नीट चाललेली नव्हती. वयाच्या पंधराव्या वर्षी परक्या भाषेत इतिहास आणि भूमिती शिकणे म्हणजे काय, ते ज्याने केले आहे त्यालाच कळेल. वर्गात मी दिवसभर मान हलवत असे आणि घरी आल्यावर नेमके काय शिकवले ते मला सांगता येत नसे. हेंककाकांनी हे पाहिले असावे. त्यांनी मला भट्टी शिकवायला घेतले. ते डच बोलत, मध्येच इंग्रजीचा एखादा शब्द टाकत, आणि जे राहील ते हातांनी दाखवत. आश्चर्य म्हणजे हे मला समजे. "योंगन," ते म्हणत, म्हणजे मुला, "आग ही दोन दारांनी चालते. खालचे दार हवा देते, वरचे धुराडे हवा ओढते. तू मध्ये उभा राहून फक्त दोघांचे भांडण मिटवायचे." मी वही काढली आणि त्यांचे सगळे म्हणणे मराठीत नियमवार लिहून काढले. ती वही आजही माझ्याजवळ आहे. जाळी हलवताना राखेच्या खणात लाल ठिणग्या दिसू लागल्या की थांबावे. राख जाळीपर्यंत साचू देऊ नये, जाळी वाकते. पाण्याची उष्णता दाखवणारा काटा चढू लागला तर कोळसा काढायला जाऊ नये, खालचे दार आवळावे. आणि आवळावे तेही केसभर, कारण भट्टी अर्ध्या तासाने ऐकते. नवा कोळसा घालताना सगळी आग झाकू नये, एका कोपऱ्यात निखारा उघडा ठेवावा; त्याच्यावर कोळशातून निघणारा वायू पेट घेतो, नाहीतर तो न जळताच घरात फिरतो. धुराड्यातली झडप कधीही पूर्ण लावू नये. आणि सर्वांत शेवटचा नियम: तळघराच्या भिंतीत जमिनीलगत जो विटेएवढा झरोका आहे, तो कधीही बुजवू नये.

हा शेवटचा नियम मी सर्वांत सुंदर अक्षरात लिहिला होता, त्याखाली रेघही ओढली होती. हे मी आज पुन्हा वही उघडून खात्री करून लिहीत आहे.

त्या वर्षी नवरात्रात आईने अखंड दिवा लावायचे ठरवले. आमच्याकडे घट बसत, पण नऊ दिवस न विझता दिवा ठेवण्याची चाल आजीबरोबर गेली होती. आईने ती पुन्हा धरली आणि ती माझ्यासाठी धरली. घटस्थापनेच्या सकाळी देवीपुढे हात जोडून ती मोठ्याने म्हणाली, "या मुलाला इथली परीक्षा पास होऊ दे. नऊ दिवस तुझी ज्योत मी विझू देणार नाही." मी मागे उभा होतो. कोणी आपल्यासाठी देवाशी इतक्या स्पष्ट शब्दांत करार करत असताना कसे उभे राहावे, हात कोठे ठेवावेत, हे मला कळेना.

देव्हारा बोळात, तळघराच्या दाराशेजारच्या कोनाड्यात होता, कारण तिथे ऊब असे. हवा गारठू लागली होती आणि हेंककाका हंगामातली पहिली आग त्याच दिवशी पेटवणार होते. आई म्हणाली, "पहिली आग आहे ना? मग काडीने कशाला? दिव्यावरून घ्या." तिने भट्टीच्या दाराला हळदकुंकू लावले, एक फूल ठेवले, आणि एका लांब वातीवर ज्योत घेऊन ती स्वतः पाच पायऱ्या उतरली. हेंककाकांनी टोपी काढली. ढलप्या पेटल्या, त्यांच्यावर लाकूड, लाकडावर मूठ मूठ कोळसा. आई समाधानाने म्हणाली, "आता वर तीच आणि खाली तीच." हे वाक्य पुढे महत्त्वाचे ठरले, म्हणून जसेच्या तसे देत आहे.

अडचण दुसऱ्याच दिवशी उभी राहिली. तळघराच्या झरोक्यातून आलेली गार हवा दाराखालच्या फटीतून बोळात येई आणि दिव्याची ज्योत सारखी थरथरे. आईने पुठ्ठा उभा केला, पाट आडवा लावला. ज्योत दोनदा निळी होऊन पुन्हा सावरली. दुसऱ्या वेळी आईचा चेहरा पांढरा पडला. मग ती म्हणाली, "विनू, त्यांना सांग ते भोक बंद करायला. तू लिही. तोंडी सांगितलंस तर हसण्यावारी नेतील."

तो माझा पहिला अर्ज. मी तो इंग्रजीत लिहिला, सुरुवात आणि शेवट डचमध्ये केला. समास सोडला, विषय लिहिला, आमच्या धर्मातील या विधीचे महत्त्व तीन परिच्छेदांत मांडले, आणि 'सबब सदर झरोका नऊ दिवसांपुरता बंद करण्यास अनुमती मिळावी' या अर्थाची विनंती करून खाली सही केली. हेंककाकांनी तो चष्मा लावून संपूर्ण वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "पत्र फार चांगले आहे. नाही."

मग त्यांनी आईच्या देव्हाऱ्यातली एक उदबत्ती मागून घेतली आणि मला खाली नेले. भट्टीतून धुराड्याकडे जाणाऱ्या नळीवर एक हलणारी लहान पाकळी असते. ती आपोआप उघडमीट करून धुराड्याची ओढ नेमस्त ठेवते. उदबत्तीचा धूर त्यांनी तिथे धरला. तो सरळ आत ओढला गेला. "बघ. आत जातो आहे, तोवर तू जिवंत आहेस. जेवढी हवा वरून बाहेर जाते तेवढी कुठून तरी आत यायला हवी. भट्टीलाही नाक आहे, योंगन. तिचे नाक धरलेस तर ती तुझे धरेल." आईला मी एवढेच सांगितले की ते नाही म्हणतात.

"नाही म्हणायला काय जातंय त्यांचं!" आई म्हणाली. "नऊ दिवसांचा तर प्रश्न आहे."

आणि तिसऱ्या दिवशी, शाळेला जाण्यापूर्वी, मी बाबांचा जुना करडा स्वेटर घडी करून त्या झरोक्यात बसवला.

मी तो का बसवला, याचे नीट उत्तर मी अनेकदा तयार करून पाहिले आहे. आईचा पांढरा पडलेला चेहरा, हे एक कारण. माझ्या अर्जाचा एका शब्दात निकाल लागला, हे दुसरे. तिसरे कारण असे की पाण्याचा काटा जागेवर होता, आणि काटा जागेवर असताना काही चुकत असेल हे माझ्या बुद्धीत शिरेना. मी स्वतः लिहिलेला, रेघ ओढलेला नियम मला पाठ होता. तो मी मोडत आहे हेही मला माहीत होते. तरीही दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या. दिवा मात्र त्या क्षणापासून चित्रातल्यासारखा स्थिर झाला. आई म्हणाली, "बघ, देवीनं ऐकलं." मी होय म्हणालो. हेंककाकांनी सणाचे नऊ दिवस भट्टी माझ्या हाती सोपवली होती. बोळात देव मांडलेले असताना बूट घालून जायचे त्यांना बरे वाटत नव्हते. त्यामुळे माझ्याशिवाय खाली कोणी उतरले नाही.

यानंतरचे दिवस मला धुक्यातून पाहिल्यासारखे आठवतात. आईचा उपवास होता. तिचे डोके दुखू लागले, मळमळू लागले. "पित्त आहे," ती म्हणाली, "साबुदाण्यानं होतं मला." आले-लिंबाचा रस घेतला, कपाळाला सुंठ लावली. बाबांचा उपवास नव्हता, पण खिचडी त्यांनीही खाल्ली होती, म्हणून त्यांचे डोकेही साबुदाण्याच्याच नावे पडले. ते एकदा म्हणाले, "गंमत आहे, ऑफिसात गेलो की उतरतं, घरी आलो की चढतं." आई म्हणाली, "म्हणजे मी चढवते म्हणा ना!" आणि सगळे हसलो. मुक्ता शाळेतून आली की पेंगू लागे. मी वहीत नियम वाचायला बसलो की ओळी पुढेमागे होत. आपल्या घरात नवरात्रात सगळ्यांची डोकी दुखणे इतके नित्याचे असते की त्यासाठी भिंतीतल्या भोकाकडे पाहावे असे कोणाला का वाटावे?

पाचव्या दिवशी सकाळी मी खाली गेलो तर आग विझलेली होती.

आदल्या संध्याकाळी मी घाईत सगळा निखारा नव्या कोळशाने झाकून टाकला होता. कोपरा उघडा ठेवला नव्हता. त्यातून हवा कमी. काळा, थंड, चकचकीत ढीग तसाच्या तसा पडला होता. आईचे शब्द माझ्या कानात होते, वर तीच आणि खाली तीच. वर जाऊन दिव्यावरून ज्योत आणावी तर आई देव्हाऱ्यापुढेच बसलेली, आणि तिला सांगावे लागणार की खालची गेली. मी काडी ओढली. ढलप्या, लाकूड, कोळसा. थोड्या वेळाने नळ्या टिकटिकल्या. वरून आईने विचारले, "आज उशीर झाला का रे?" मी म्हणालो, "राख जास्त होती." हे वाक्य मी कोणत्याही अर्जात लिहू दिले नसते.

अष्टमी रविवारी आली. बाहेर दाट धुके होते, पण थंडी नव्हती. कालव्याचे पाणीही दिसत नव्हते. आई देवीपुढे टांगायच्या कडाकण्या तळत होती. फोडणीचा आणि तळणीचा वास शेजाऱ्यांना जातो या धास्तीने बाबांनी स्वयंपाकघरात एक दणकट पंखा बसवला होता, हवा बाहेर फेकणारा. तो दोन तास घरघरत होता. दुपारचे जेवण झाल्यावर बाबा सोफ्यावर आडवे झाले होते. मुक्ता देव्हाऱ्यासमोरच्या सतरंजीवर झोपली होती.

मी बोळात उभा होतो. कशासाठी गेलो होतो ते विसरलो होतो. माझे लक्ष दिव्याकडे गेले. पाच दिवस ताठ उभी असलेली ज्योत वाकली होती, आणि ती तळघराच्या दाराकडून स्वयंपाकघराकडे वाकली होती. मी बराच वेळ नुसता पाहत राहिलो. झरोका तर बंद आहे. मग खालून हा वारा कोठला? माझे विचार गुडघाभर पाण्यातून चालल्यासारखे चालत होते. मी उदबत्ती उचलली, दार उघडले, पायऱ्या उतरलो. खाली ओल्या काडेपेटीसारखा वास होता. काटा साठावर होता की सत्तरावर, मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा मला आकडा वाचता आला नाही. मी उदबत्ती त्या पाकळीपाशी धरली.

धूर आत गेला नाही. तो माझ्या तोंडावर आला.

मला वाटले मी उदबत्ती उलटी धरली आहे. मी ती फिरवली. धूर पुन्हा माझ्याकडे आला. धुक्याच्या दिवसांत धुराडे झोपते, असे हेंककाका म्हणाले होते; वर पंखा हवा ओढतो आहे; आणि हवा यायची एकच वाट मी स्वेटरने बुजवली आहे. म्हणून घर आता धुराड्यातूनच श्वास घेत होते आणि भट्टीचा विषारी वायू आत ओढत होते. हे आज एका वाक्यात लिहिता येते. तेव्हा ते तुकड्या-तुकड्यांनी आले, आणि शेवटचा तुकडा आला तो मुक्ता. ती इतका वेळ झोपत नाही.

वर येऊन मी तिला हलवले. तिची मान माझ्या हातावर सैल पडली.

"आई, पंखा बंद कर! दारं उघड!"

"ओरडतोस काय? दार उघडू नकोस, दिवा जाईल!" आई झारा हातात घेऊन आली आणि भिंतीला टेकली. "अरे, उद्याचाच तर दिवस राहिलाय, विनू."

"आई, मुक्ता उठत नाहीये."

ती मुक्ताकडे पाहू लागली, मग दिव्याकडे, मग पुन्हा मुक्ताकडे. तिच्या डोक्यातही त्या वेळी धूरच होता, हे मी आज समजू शकतो. मी पुढचे दार सताड उघडले. धुके आत आले. ज्योत आडवी झाली, एकदा निळी झाली आणि गेली. आईच्या तोंडून एक आवाज निघाला. तो मी येथे लिहीत नाही.

मी मुक्ताला कालव्याच्या काठावर गवतात नेऊन ठेवले. बाबा भिंत धरत धरत आले, आईला घेऊन आले. हेंककाका मोज्यांवरच धावत आले आणि माझ्या तोंडाकडे पाहताच ॲम्ब्युलन्सला फोन करून, तोंडावर रुमाल धरून, एकेक खिडकी उघडत घरभर फिरले. गवतात मुक्ताला उलटी झाली. मग ती रडायला लागली, आणि रडता रडता डचमध्ये म्हणाली की मला थंडी वाजते. तिने तक्रार केल्याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. रुग्णालयात सगळ्यांना काही तास नळीने प्राणवायू दिला. डॉक्टरने विचारले, "घरात काही बदल केला होता का?" बाबा नाही म्हणाले.  हेंककाकांनी मागून हात पुढे केला आणि बाबांचा करडा स्वेटर माझ्या मांडीवर ठेवला. त्यावर झरोक्याच्या जाळीची काळी नक्षी उमटली होती. बाबांनी तो ओळखला. त्यानंतर त्यांनी स्वेटर या विषयावर आयुष्यात कधी विनोद केला नाही. आणि ते विनोदी गृहस्थ होते.

संध्याकाळी, अजून उजेड असताना, आम्ही परतलो. घर गार आणि मोकळे झाले होते. हेंककाकांनी धुराडे तपासले होते, झरोका मोकळा केला होता. आग आता नीट ओढत होती. आई देव्हाऱ्यापुढे बसली आणि विझलेल्या वातीकडे पाहत राहिली. बाबा म्हणाले, "लाव पुन्हा. देवीला कळतं सगळं." आई म्हणाली, "देवीला कळतं, पण बोलले तर मी होते ना." मग एकदम तिने मान वर केली. "खालची चालू आहे ना?"

"चालू आहे," हेंककाकांनी मला विचारून, समजून घेऊन, सांगितले.

"मग ती गेलीच नाही. वरची ज्योत खाली आहे. जा विनू, घेऊन ये."

तिने माझ्या हातात सांडशी आणि तुपात भिजवलेली वात दिली. मी पाच पायऱ्या उतरलो. ती वरच्या पायरीवर उभी होती, मुक्ता तिच्या कडेवर. हेंककाकांनी आधी उदबत्ती पाकळीपाशी धरून पाहिली. धूर आत गेला. मग त्यांनी भट्टीचे दार उघडले. त्या लाल ढिगाऱ्यासमोर मी सांडशी धरून उभा राहिलो आणि मला ठाऊक होते की ही आग दिव्याची नाही, तीन दिवसांपूर्वी मी ओढलेल्या काडीची आहे. सांगायला हीच वेळ होती. वात पेटली. मी ती वर नेली. आईने दिवा लावला आणि दोन्ही हात जोडून रडली.

मी परीक्षा पास झालो नाही. दुसऱ्या वर्षीही नाही, आणि नंतर मी शाळा सोडली. माझे शिक्षण अपुरे राहिले याचे मला तितके वाईट वाटत नाही; अर्जाला पदवी लागत नाही, मुद्दा लागतो. पण निकालाच्या दिवशी आई जे म्हणाली ते मला जन्मभर पुरले. ती रागावली नाही. गोंधळून गेली. "दिवा तर अखंड होता," ती म्हणाली. "मग असं कसं? माझ्याच उपासात काही चुकलं असणार." आणि त्या दिवसापासून तिने सोमवार धरले. तिचा तो न सापडलेला दोष फिटावा म्हणून. मी सोमवारी तिच्यासमोर जेवत असे.

ते सोमवार अजून चालू होते. हेंककाका गेले, ते घर पाडले, बाबा गेले, मुक्ता युट्रेख्टला राहते आणि तिची मुले आजीला डचमध्ये उत्तरे देतात. आल्मेरेच्या आमच्या घरात भट्टी नाही, ज्वाला नाही. भिंतीवरचे एक बटण खोली तापवते आणि मला त्याच्यावर कधी विश्वास बसत नाही. दर नवरात्रात मी एक उदबत्ती घेऊन भिंतीतल्या प्रत्येक जाळीपाशी धूर कोणीकडे जातो ते पाहतो. मुक्ताची मुले म्हणतात, मामा पूजा करतो.

या वर्षी डॉक्टरने आईला उपास पूर्ण बंद करायला सांगितले. ती दोन दिवस अस्वस्थ होती. मग एका रविवारी दुपारी माझ्या टेबलासमोर, इतर अर्जदार बसतात त्याच खुर्चीत, येऊन बसली.

"विनू, आपल्या कुलदेवीच्या गुरुजींना एक पत्र लिही. तुझी भाषा चांगली आहे. विचार, की सोमवार सुटले तर त्या वेळच्या चुकीचं दुसरं काही प्रायश्चित्त आहे का."

मी कागद घेतला. समास सोडला. विषय लिहिला. आणि नियमाप्रमाणे विचारले, "चूक काय, ते नमूद करावं लागेल."

"तीच तर मला कळली नाही ना रे. इतकी वर्षं शोधतेय. लिही, अजाणता झालेली."

मी लिहू शकलो नाही. मी लिहिले ते असे: 'अर्जदार महिलेकडून कोणतीही चूक झालेली नाही. पाचव्या दिवशी सकाळी खालची आग विझली होती. ती अर्जदाराच्या मुलाने काडी ओढून पेटवली आणि ही बाब लपवून ठेवली.' ते मी तिला वाचून दाखवले, जसे मी प्रत्येकाला दाखवतो, सावकाश आणि एकही शब्द न गाळता.

 मी तिचा चेहरा वाचण्याचा प्रयत्न केला आणि मला तो वाचता आला नाही. शेवटी तिने विचारले, "काडी कुठली होती?"

"म्हणजे?"

"देवघरातली, का त्यांची खालची?"

मी आठवून पाहिले. पेटीचा रंग, ती कोठे होती, कोठून उचलली. काही म्हणजे काही आठवले नाही. "नाही सांगता येत, आई."

"मग देवघरातलीच असणार," ती म्हणाली. "घरात दुसरी पेटी होती कुठे?" तिने कागद माझ्या हातातून घेतला, चार घड्या घातल्या आणि कमरेला खोचला. हा अर्ज मंजूर झाला की नामंजूर, हे मला कळले नाही, आणि विचारण्याचे धैर्य झाले नाही. ती उठली, दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली.

"उद्या सोमवार आहे," ती म्हणाली. "कुकर लावताना माझ्या वाटणीचा भात धर."